मदत हवी आहे: डिजिटल फॉरेन्सिक्सच्या पोस्टर स्पर्धेत 'फॉर्मॅट मारू नका' हा विषय चालेल का?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बीएस्सी कॉम्प्युटरला आहे. डिजिटल फॉरेन्सिक्सवर, म्हणजे फोन-कॉम्प्युटरमधला पुरावा शोधून जपण्याच्या शास्त्रावर, पोस्टर स्पर्धा आहे. विद्यार्थ्यांचा गट वेगळा, नोकरी-व्यवसायवाल्यांचा वेगळा. आकार ए-वन, मराठी चालतं. सरांनी राइट ब्लॉकर (डिस्कवर काही लिहिलं जाऊ न देणारं उपकरण) लावून हार्ड डिस्कची इमेज, म्हणजे तंतोतंत प्रत, कशी घेतात हा विषय सुचवला. पण राइट ब्लॉकर मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. नेटवरची चित्रं चिकटवून काय सांगणार?

माझ्या डोक्यात वेगळंच आहे. आमच्याकडे व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावाची एपीके फाइल (अँड्रॉइड ॲप बसवायची फाइल) फिरते. हप्ता अडकला, यादीत नाव बघा वगैरे. उघडली की ती मेसेज वाचायची परवानगी मागते, मग ओटीपी परस्पर चोराकडे. खातं रिकामं झालेला माणूस आधी जातो कुठं? स्टँडवरच्या मोबाईल दुकानात. दुकानदारही भल्या मनाने म्हणतो, "व्हायरस हाये, फॉर्मॅट मारून देतो." झालं! अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये सगळा डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो. रीसेट केलं की त्याच्या किल्ल्याच नष्ट होतात, मग प्रयोगशाळेलाही त्यातून काही काढणं जवळपास अशक्य. एपीके, ती कधी टाकली, कोणत्या परवानग्या दिल्या, मेसेज कोणत्या नंबरवरून आला, सगळं गेलं.

म्हणून पोस्टरच्या मधोमध फोन, एका बाजूला रीसेटने काय पुसलं जातं आणि दुसऱ्या बाजूला काय करायचं: विमान मोड, दुसऱ्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, बँकेला कळवणं, ॲप न काढणं.

अडचण ही की मैत्रीण म्हणते, "हे जनजागृतीचं पोस्टर झालं, फॉरेन्सिक्स कुठंय?" परीक्षकही तेच म्हणतील का? खाली हॅशचा प्रयोग टाकू का? हॅश म्हणजे फाइलमधून गणिताने काढलेला तिचा जणू बोटाचा ठसा. एक फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवून पाहिला आणि मूळ आणि पोचलेला अशा दोन्हींचा एसएचए-२५६ (हॅशचा एक प्रकार) काढला. डोळ्यांना फोटो तोच, पण ६४ अक्षरांची ओळ पूर्ण वेगळी, कारण व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर हॅश तोच राहिला.

आणखी एक, फोन बंद करा लिहू की चालू ठेवा? दोन ठिकाणी दोन सल्ले वाचले.

कापूसकोंडा:
ताई, विषय सोडू नका. सायबरच्या तपासात काम केलंय म्हणून सांगतो, फॉर्मॅट मारलेले फोन हीच रोजची डोकेदुखी आहे. मैत्रिणीच्या शंकेचं उत्तर कायद्यात सापडेल. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. डिजिटल पुरावा कोर्टात देताना त्याच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे दोन भाग आहेत, पहिला पक्षकाराने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींत हॅश लिहावा लागतो. म्हणजे पुराव्याची साखळी फोन वापरणाऱ्यापासूनच सुरू होते. हॅशचा प्रयोग या प्रमाणपत्राशेजारी लावा, कोपऱ्यात नको.

बंद-चालूचं म्हणाल तर, जप्त केलेल्या फोनचा पिन माहीत नसतो, बंद करून परत चालू केला की तो उघडणं आणखी कठीण होतं. म्हणून तिथे चालू ठेवून नेटवर्क तोडतात. इथे फोन फिर्यादीचाच, पिन त्यालाच माहीत. विमान मोड पुरे, वायफायही बंद असल्याची खात्री करायची. एवढंच लिहा.

आणि गावातल्या कोणाचा खरा स्क्रीनशॉट छापू नका. नमुना स्वतः तयार करा, खरी एपीके उघडून बघायच्या फंदात तर पडूच नका.

सांबारवडी:
मले हॅश-बिश समजत नाही बाप्पा, पण माझं फ्लेक्सचं दुकान हाये. ए-वन म्हणजे ५९४ बाय ८४१ मिमी, दोन फूट बाय पावणेतीन फूट धर. फाइल कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) नको देऊ, जुन्या कोरलमध्ये युनिकोडची जोडाक्षरं फुटतात. अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे आकृतीत बदलून, पीडीएफ दे. ते ६४ अक्षरांचं लांबडं चार ओळींत तोड, नाहीतर मुंग्या दिसतील.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. प्रमाणपत्राचा भाग मधोमध घेते. पण दुकानदाराने विचारलं की शेतकऱ्याला फोन आजच पाहिजे, मग मी काय करू, तर?

कापूसकोंडा:
सिम काढून घरातल्या साध्या बटणाच्या फोनात टाकायचं. कॉल सुरू राहतात आणि ओटीपी चोराच्या ॲपपर्यंत पोचत नाही. लागण झालेला फोन तक्रार नोंदवून पोलिसांनी बघेपर्यंत तसाच ठेवायचा. पोस्टरवर दुकानदारासाठी हीच ओळ मोठ्या अक्षरात घ्या.