घर सांभाळणं हे देवाचं पाचारण मानलं, तर रोजचा दिवस कसा लावायचा?

जैतूनरोप
सप्रेम सलाम. घर आणि मुलं हे आईला देवाने दिलेलं पाचारण (देवाने नेमून दिलेलं काम) आहे, असं मंडळीत वरचेवर कानावर पडतं. ते कुठल्या वचनांवर उभं आहे आणि सकाळी उठल्यावर त्याचं नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी फोड करून सांगत नाही. समजा घरात सात आणि चार वर्षांची मुलं आहेत, शिवाय तीन महिन्यांचं बाळ आहे. तर नीतिसूत्रे 31 मधली स्त्री हेच माप धरायचं का? ते वाचून धीर येण्याऐवजी दडपणच येतं. कौटुंबिक उपासना चार दिवस चालते नि पाचव्या दिवशी बंद पडते, यात चुकतं काय? आणि आईने स्वतःचं वाचन-प्रार्थना कधी करायची? पहाटे लवकर उठा, एवढा सल्ला कृपा करून नको.

दिवटी
वचनांबद्दल लिहिते, दिनक्रमाबद्दल इतर सांगतीलच.

नीतिसूत्रे 31:10-31 हे कवन आहे. 22 वचनं, आणि प्रत्येक वचन हिब्रू वर्णमालेतल्या पुढच्या अक्षराने सुरू होतं. म्हणजे ते एका आयुष्याचं 'अथपासून इतिपर्यंत' केलेलं गुणगान आहे, एका दिवसाचं वेळापत्रक नव्हे. शेत विकत घेणं, द्राक्षमळा लावणं, वस्त्रं विणून व्यापाऱ्यांना देणं, हे सगळं एकाच वर्षात, तेही अंगावर पिणारं बाळ घेऊन तिने केलं, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. 15 व्या वचनात तिच्या दासींचाही उल्लेख आहे, तो वाचताना आपल्या नजरेतून निसटतो. आणि अध्यायाचं पहिलं वचन पाहा: हा लमुएल राजाला त्याच्या आईने दिलेला उपदेश आहे. आई मुलाला सांगते आहे की कशी स्त्री मोलाची मानावी. थकलेल्या बाईला ताडून पाहण्यासाठी तो लिहिलेलाच नाही.

10 व्या वचनात या स्त्रीला 'सद्गुणी' म्हटलं आहे, तिथला मूळ हिब्रू शब्द 'हयिल' आहे: बळ, पराक्रम. गिदोनाला देवदूत 'बलवान वीर' म्हणतो (शास्ते 6:12) तिथे हाच शब्द आहे. 'हयिल असलेली स्त्री' हे पूर्ण बिरुद शास्त्रात आणखी एका स्त्रीला नाव घेऊन मिळतं, ती रूथ (3:11). त्या क्षणी रूथ विधवा आहे, तिला मूल नाही, स्वतःचं घर नाही, ती दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते आहे. तेव्हा हे बिरुद घर किती नीटनेटकं आहे त्यावर मिळत नाही.

घराच्या कामाबद्दल थेट बोलणारी दोन वचनं महत्त्वाची. तीत 2:3-5 मध्ये वडीलधाऱ्या स्त्रियांनी तरुण स्त्रियांना नवऱ्यावर व मुलांवर प्रेम करायला *शिकवावं* असं आहे. म्हणजे हे जन्मजात येत नाही, शिकावं लागतं, आणि शिकवणं ही मंडळीची जबाबदारी आहे. 1 तीमथ्य 5:14 मध्ये 'घर चालवावं' यासाठी पौलाने वापरलेलं क्रियापद 'ओइकोदेस्पोतेइन' आहे, घराचं धनीपण करणं. त्यात हुकूम पाळण्यापेक्षा निर्णय घेणं जास्त आहे.

पाचारणाचा पाया मात्र 1 करिंथ 7:17-24. पहिलं पाचारण ख्रिस्ताकडे, आणि मग ज्या स्थितीत ते आलं तिथेच देवासमोर राहणं. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1522 मध्ये विवाहित जीवनावर लिहिताना बाळाचे लंगोट धुणाऱ्या बापाचा दाखला दिला: लोक त्याला हसले तरी त्याच्या विश्वासामुळे देव आनंदित होतो. दाखला बापाचा होता, हे घरातल्या पुरुषांना जरूर वाचून दाखवावं.

उंबरा
उपासना पाचव्या दिवशी बंद पडते, कारण ती मोठ्यांच्या मापाने सुरू केलेली असते. अर्धा तास, संपूर्ण अध्याय, चार गीतं, लांब प्रार्थना. पहिले चार दिवस उत्साह ओढून नेतो. पाचव्या दिवशी बाळ रडतं, चार वर्षांची मुलगी टेबलाखाली जाते, आई चिडते आणि 'उद्या नीट करू' म्हणून पुस्तक मिटतं.

दहा मिनिटं धरा. वेळ घड्याळाला बांधू नका, रोज होणाऱ्याच गोष्टीला बांधा. रात्रीचं जेवण सगळ्यात सोयीचं, कारण सगळे बसलेलेच असतात. ताटं उचलण्याआधी शास्त्र उघडायचं. एकदा उठलेली मुलं परत गोळा करण्यातच आठ मिनिटं जातात. पुस्तक जेवणाच्या जागेपासून हाताच्या अंतरावर ठेवलेलं असावं, आणि फोनवरून वाचू नये, कारण मधेच संदेश येतो आणि मुलांचं लक्ष पडद्याकडे जातं.

क्रम असा: एक कडवं गाणं (महिनाभर तेच गीत, म्हणजे चार वर्षांच्या मुलीलाही पाठ होतं), मग 8 ते 12 वचनं, मग एक प्रश्न, मग प्रार्थना. सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून करावी. सोळाच अध्याय आहेत, घटना भराभर पुढे सरकतात, आणि या गतीने दोन-सव्वादोन महिन्यांत पूर्ण होतं. पत्रांपासून किंवा लेवीयापासून सुरू केलं तर लहान मुलं हातची जातात. मध्येच एखाद्या दिवशी वाचन चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका. खूण जिथे आहे तिथून पुढे जा. भरपाई करायला गेलं की उपासनेचं कर्ज होतं.

प्रश्न 'यातून काय शिकलास?' असा विचारू नये. त्यावर मुलं 'चांगलं वागायचं' एवढंच म्हणायला शिकतात. चार वर्षांच्या मुलीला 'होडीत कोण झोपलं होतं?' पुरे. सात वर्षांच्याला 'वारा थांबल्यावर शिष्य जास्तच का घाबरले?' (मार्क 4:41). उत्तर आलं नाही तर स्वतः एका वाक्यात सांगून पुढे जावं.

प्रार्थनेत प्रत्येक मुलाने एकच वाक्य म्हणावं, शेवटी सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना. बाळ रडलं तर एकाने उठून घेऊन फिरावं, पण बाकीच्यांनी थांबू नये.

पाठांतर हवं असेल तर आधी दहा आज्ञा लहान रूपात, मग वेस्टमिन्स्टरचा लघु कॅटेकिझम (विश्वासाची शिकवण देणारी प्रश्नोत्तरी). त्यात 107 प्रश्न आहेत, आठवड्याला एक घेतला तर दोन वर्षांहून थोडं जास्त लागतं. सात वर्षांच्या मुलाला हे झेपतं. चार वर्षांच्या मुलीला बळेच बसवू नका, ती ऐकून ऐकून निम्मं उचलते.

आणि हे आईने एकटीने ओढू नये. इफिस 6:4 बापांना उद्देशून आहे. बाप घरी असेल त्या दिवशी वाचन त्याचं. त्याला वाचून दाखवायचा संकोच वाटत असेल तर खूण घालून पुस्तक त्याच्या हातात द्यावं, भाषण करायला लावू नये. बाप विश्वासात नसेल तर तीमथ्याची आई युनीके आणि आजी लोईस आठवा (2 तीमथ्य 1:5). तीमथ्याचा बाप हेल्लेणी (ग्रीक) होता, तरी त्याला बालपणापासून शास्त्र माहीत होतं.

शांतघटका
आईने स्वतःचं वाचन कधी करायचं, या तिसऱ्या प्रश्नाचं. नवजात बाळाला दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजावं लागतं, तीन महिन्यांनी हे थोडं कमी होतं, पण फार नाही. त्यातलं एकच पाजणं ठरवून घ्या, शक्यतो सकाळचं, आणि ते वचनासाठी राखून ठेवा. रात्रीची पाजणी राखू नका, तिथे झोप महत्त्वाची.

वाचायला काय? स्तोत्रं 120 ते 134. पंधरा स्तोत्रं आहेत, सगळ्यांत लांब 132 वं, तेही 18 वचनांचं. 127 आणि 128 घराबद्दल आहेत. 131 फक्त तीन वचनांचं, त्यात दूध तुटलेलं मूल आईपाशी शांत असतं तसा जीव देवापाशी शांत आहे. ती संपली की 119 वं: 22 भाग, प्रत्येकी आठ वचनं, रोज एक. पुस्तक हातात धरता येत नसेल तर आदल्या रात्री एक वचन कागदावर लिहून पाजायच्या जागेसमोर चिकटवा. आठवडाभर तेच एक वचन राहिलं तरी काही बिघडत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून जास्त मन खिन्न राहत असेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर ते विश्वास कमी पडल्याचं लक्षण नव्हे. तो आजार आहे. डॉक्टरकडे जा, आणि इजेचे विचार असतील तर त्याच दिवशी, कुणाला तरी सोबत घेऊन. एलीया संदेष्टा मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, दोनदा खायला-प्यायला दिलं, आणि बोलणं त्यानंतर केलं (1 राजे 19).

दिवटी
वर एक राहिलं होतं. लूक 11:27-28. गर्दीतली बाई येशूच्या आईचा उदर धन्य म्हणते, आणि प्रभू म्हणतो, त्यापेक्षा देवाचं वचन ऐकून पाळणारे धन्य. आईपणाला त्याने कमी लेखलं नाही, पण सगळ्यांत वर ठेवलंही नाही. मंडळीत अविवाहित बहिणी असतात, मूल नसलेल्या असतात, कमावून घर चालवणाऱ्या असतात. लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करत होती आणि तिचं घराणं बाप्तिस्मा घेतं (प्रेषितांची कृत्ये 16:14-15). आईपण हेच खरं पाचारण, असं त्यांच्यासमोर बोललं जातं तेव्हा वचनापुढे जाऊन बोललं जातं.

जैतूनरोप
सगळ्यांचे आभार, ताई. मुळात हे दडपण कुठून येतं ते आत्ता कळलं. एकच विचारते: मुलांवर ओरडून झाल्यावर त्याच रात्री वचन वाचायला बसणं ढोंग वाटतं. त्या दिवशी उपासना टाळावी का?

उंबरा
टाळू नये. गाण्याआधी क्षमा मागावी, मुलाचं नाव घेऊन, एका वाक्यात: 'मी संध्याकाळी तुझ्यावर ओरडले, ते चुकलं, मला क्षमा कर.' त्याला 'पण तू ऐकत नव्हतास' हे जोडू नये. ते जोडलं की मुलाला फक्त दुसरा भागच ऐकू येतो. मुलाच्या चुकीबद्दल बोलायचं असेल तर दुसऱ्या दिवशी, वेगळं. मूल लगेच 'केली क्षमा' म्हणालं नाही तरी त्याला भाग पाडू नका. आणि रोज ठरावीक वेळीच ओरडणं होत असेल, तर आधी ती वेळ तपासा. बहुतेक घरांत ती संध्याकाळच्या स्वयंपाकाची असते, मुलं भुकेली असतात आणि आईही. अर्धा तास आधी सगळ्यांना थोडं खायला द्या, आईनेही बसून खावं.

शांतघटका
याला जोडून: मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची आई सुझाना, तिला 19 मुलं झाली, त्यांतली बरीच तान्हेपणीच गेली. उरलेल्यांशी ती आठवड्यातली संध्याकाळ ठरवून, एकेकाशी वेगळं बोलत असे. जॉनचा वार गुरुवार होता. तुम्हीही तसंच करा: दोन मोठ्या मुलांना प्रत्येकी एक वार, पंधरा मिनिटं, बाळ दुसऱ्या कुणाकडे देऊन. ओरडण्याबद्दल मुलाला जे म्हणायचं असतं ते अशा वेळीच बाहेर येतं, सगळ्यांसमोर येत नाही.