60,000 रुपयांत व्हिडिओ लॅरिंगोस्कोप कोणता घ्यावा?

घोडबंदर_भूलतज्ज्ञ : मी नौपाडा ते कासारवडवली या पट्ट्यातील नर्सिंग होममध्ये जाऊन भूल देते, त्यामुळे सामानाची बॅग मलाच वाहावी लागते. साधा मॅकिंटॉश लॅरिंगोस्कोप (घशात घालून स्वरयंत्र पाहण्याचे पाते), बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक कांडी) आणि लॅरिंजियल मास्क (स्वरयंत्रावर बसणारा श्वासाचा मास्क) जवळ आहेत; आता ट्यूब टाकताना स्वरयंत्र पडद्यावर दाखवणारा व्हिडिओ लॅरिंगोस्कोप हवा आहे. आखूड, जाड मानेचे आणि गुटख्यामुळे तोंड जेमतेम दोन बोटे उघडणारे रुग्ण वरचेवर येतात. मॅकिंटॉशच्या आकाराचे पाते घ्यावे की जास्त वाकलेले? खर्चाची मर्यादा 60,000 रुपये आहे.

वाशी_ओटी : सी-मॅक हाच व्हिडिओ लॅरिंगोस्कोप घ्यावा. आमच्या रुग्णालयात तो आल्यापासून अवघड मानेचे दडपण राहिलेले नाही. स्वस्त यंत्र घेऊन पस्तावण्यापेक्षा थोडे थांबून पैसे साठवावेत.

नेरुळकर : त्याची किंमत मॅडमच्या मर्यादेच्या कित्येक पट आहे. मी भारतीय बनावटीचा, हातात मावणारा आणि जास्त वाकलेल्या पात्याचा घेतला. स्वरयंत्र पडद्यावर लख्ख दिसते, पण ट्यूब तिथवर पोहोचवणे हे वेगळे कसब आहे. स्टायलेटला (ट्यूबच्या आतल्या, तिला आकार देणाऱ्या तारेला) पात्याइतकेच वळण द्यावे लागते, आणि ट्यूबचे टोक स्वररज्जूंच्या आत गेले की स्टायलेट थोडी मागे घेत ट्यूब पुढे सरकवावी लागते, नाहीतर ती श्वासनलिकेच्या पुढच्या भिंतीला टेकून अडते. ट्यूब तोंडात शिरताना नजर तोंडाकडेच हवी. सगळ्यांचे डोळे पडद्यावर असताना ट्यूबने मऊ टाळू फाडलेला मी पाहिला आहे.

कळवा_जुना : मॅकिंटॉश यांचे पाते 1943 पासून काम देत आहे. कानाचे भोक आणि छातीच्या हाडावरची खाच एका आडव्या रेषेत येईल अशी उशी द्यावी, बाहेरून स्वरयंत्र दाबून नजरेत आणावे, आणि नुसता एपिग्लॉटिस (स्वरयंत्रावरची झडप) दिसत असला तरी त्याखालून बूजी सरकवावी. श्वासनलिकेच्या कड्यांवरून जाताना तिची टकटक बोटांना जाणवते. हात बसलेला असेल तर पडद्याची गरज नाही.

वाशी_ओटी : सर, कॉक्रेन या संस्थेच्या 2022 च्या आढाव्यात 222 अभ्यास एकत्र पाहिले गेले आणि व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने इंट्युबेशन (श्वासनलिकेत ट्यूब टाकणे) फसण्याचे प्रमाण घटते, असे दिसले. सी-मॅकबद्दल मी उगाच बोललो नाही.

नेरुळकर : माझ्या यंत्राच्या लेन्सवर वाफ धरते आणि कंपनी फोन उचलत नाही. पाते आधी कोमट सलाईनमध्ये बुडवून घ्यावे लागते.

बेलापूर_भूल : गुटख्याच्या रुग्णांकडे कोणी वळलेच नाही. राज्यात 2012 पासून बंदी असूनही हे रुग्ण कमी झालेले नाहीत. तोंडच उघडत नसेल तर कोणतेही पाते आत शिरणार नाही. तिथे रुग्ण जागा असताना नाकावाटे फायबरऑप्टिकने (लवचिक दुर्बिणीने) ट्यूब टाकणे हाच सुरक्षित मार्ग आहे, आणि त्यात लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची एकूण मात्रा चरबी वगळून उरणाऱ्या वजनाच्या किलोमागे 9 मिलिग्रॅमच्या आत ठेवावी लागते. ट्यूब कशीही टाकली तरी ती श्वासनलिकेत आहे याची खात्री श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या कॅप्नोग्राफवरच होते.

कळवा_जुना : उशीचे मी पुन्हा सांगतो. अर्धी अवघड इंट्युबेशन चुकीच्या उशीमुळे अवघड होतात.

घोडबंदर_भूलतज्ज्ञ : सर्वांचे आभार. मी तूर्त व्हिडिओ लॅरिंगोस्कोप घेत नाही. मी जाते त्यांतील काही नर्सिंग होममध्ये कॅप्नोग्राफच नाही. आधी नीट ऑक्सिजन दिलेला असेल तर ट्यूब अन्ननलिकेत गेल्यावरही रक्तातील ऑक्सिजनचे सॅच्युरेशन काही मिनिटे चांगलेच दिसत राहते, आणि ते उतरू लागेपर्यंत मोलाचा वेळ गेलेला असतो. म्हणून आधी हातात मावणारा कॅप्नोग्राफ घेणार. तोंड न उघडणारे रुग्ण फायबरऑप्टिकची सोय असलेल्या रुग्णालयातच पाठवणार, शल्यचिकित्सकांना आवडो वा न आवडो.

नेरुळकर : तरीही जाड मानेच्या रुग्णाला पहिल्याच प्रयत्नात पडदा लागतो, असे माझे ठाम मत आहे. कॅप्नोग्राफ घेताना साइडस्ट्रीम (श्वासाचा नमुना बारीक नळीने ओढून घेणारा) असेल तर सॅम्पलिंग लाइन जास्तीच्या मागवून ठेवा. तिच्यात पाणी साचले की आलेख सपाट होतो आणि ट्यूब जागेवर असूनही शंका येते.