६४ घरांतले दाणे: ही संख्या मूळ नाही

बुद्धिबळाच्या ६४ घरांत दुपटीने (पहिल्यात १, मग २, ४, ८...) ठेवलेल्या दाण्यांची बेरीज, म्हणजे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५, मूळ संख्या, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज कशानेच भाग न जाणारी, असावी, असं कुणीतरी लिहिलंय. नाही. २ च्या घातातून १ वजा करून मूळ संख्या मिळायची तर आधी घातांक मूळ लागतो, आणि ६४ तर सम आहे.

हे सूत्रापेक्षा दाण्यांनी जास्त पटतं. परभणीकडे आमच्या गावी ओसरीच्या फरशीवर खडूने पट आखून पुतणीसोबत मालदांडी ज्वारीचे दाणे मांडले होते. पहिली ओळच, आठ घरं, २५५ दाणे. तिनं तीन-तीनच्या ढिगल्या केल्या: ८५, एकही दाणा उरला नाही. मग तिलाच दिसलं की शेजारच्या दोन घरांची जोडी घेतली की ३, १२, ४८, १९२ येतात, सगळे तीनच्या पाढ्यातले. चार-चार घरांचे गट केले की १५ चा पाढा, म्हणून ५ ने भाग जातो. अख्ख्या ओळी घेतल्या की २५५ चा, म्हणून १७ ने. दोन ओळी घेतल्या की २५७ हा नवा अवयव (भाग जाणारा आकडा) येतो, अर्ध्या पटाला ६५,५३७. मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हे, की पट दुप्पट केला की आधीचे अवयव तसेच राहतात आणि नव्याची भर पडते.

पूर्ण पटाला मात्र एक नाही, दोन नवे मिळतात: ६४१ आणि ६७,००,४१७. त्यांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९७. फ्रेंच गणितज्ञ फर्माला ही संख्या मूळ वाटत होती. गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये ती फोडली.