हाताला दुसरं काम द्या

फेसबुक, इन्स्टा काढून दोन महिने झाले तरी छंदाला वेळ सापडत नाही, अशी एकाची तक्रार वाचली. माझंही तेच झालं होतं. अ‍ॅप गेलं, पण अंगठ्याची खाज कुठे जाते?

पणजोबांच्या ट्रंकेतल्या कागदांपायी मी मोडी, म्हणजे जुने मराठी कागद ज्यात लिहिलेले असतात ती लिपी, शिकायला घेतली. आधी अख्ख्या ओळीची शिरोरेषा ओढायची, मग हात शक्यतो न उचलता तिला अक्षरं लटकवत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, वेलांटी बहुतेक दीर्घच, उकार बहुतेक ऱ्हस्वच (शुद्धलेखनात मार खाल्लेल्यांना केवढा दिलासा!). पहिले पंधरा दिवस माझी ओळ दोरीवर वाळत घातलेल्या फडक्यांसारखी दिसायची. पण बोरूच्या शाईने बोटं माखली की फोन उचलवत नाही, हा फायदा मोठा.

वेळ वेगळा काढला नाही. रात्री जेवणानंतरचा पाऊण तास तोच, फक्त पलंगाऐवजी टेबलाशी. व्हॉट्सअ‍ॅप मात्र ठेवलंय. सोसायटीचं पाणी कधी येणार ते तिथेच कळतं.

परवा एका कागदावर ‘बैल जोडी १’ एवढं लागलं. पुढची किंमत अजून वाचता येत नाहीये.