विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी एक मोठी मध्यवर्ती इमारत हवी का? की तोच पैसा तालुक्यात टाकावा?

गिरणाकाठ
आधीच सांगतो, कुठलाही प्रस्ताव बिस्ताव आलेला नाही, हे माझंच घोडं आहे. आपलं उमवि, म्हणजे जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, १९९० ला पुणे विद्यापीठातून वेगळं निघालं, २०१८ ला बहिणाबाईंचं नाव लागलं, गिरणेकाठी साडेसहाशे एकरांचा कॅम्पस आहे. एवढ्या जागेत विद्यार्थ्यासाठी म्हणून, म्हणजे लेक्चरसाठी नाही, परीक्षेसाठी नाही, नुसतं येऊन टेकायला, खायला, चार मित्रांत बसायला आणि जाता जाता कागदाचं काम उरकायला अशी मधोमध एक इमारत असावी असं मला वाटतं. खाली सगळ्या खिडक्या एका ओळीत, बोनाफाईड, स्कॉलरशिप, परीक्षा फॉर्म, एसटीच्या पासचा फॉर्म. शेजारी कॅन्टीन. वर नाटकाच्या तालमीला, एनएसएसला, वक्तृत्वाच्या पोरांना खोल्या, एक समुपदेशक, मुलींसाठी वेगळी खोली. आयआयटीवाल्यांकडे अशा इमारती आहेत, बाहेरच्या देशात तर शंभर वर्षांपासून आहेत, आणि आपल्याकडे कुठल्याही कॉलेजात जा, दोन लेक्चरच्या मधे पोरगं पार्किंगमधे गाडीच्या सीटवर बसून मोबाईल बघत असतं. एप्रिलात सुद्धा. जळगावचं ऊन मी सांगायला नको. बोला.

धडगावकर
भाऊ गोट बराबर शे, पन कोनासाठी?? कॅम्पसवर शिकणारे किती आणि जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या संलग्न कॉलेजांत शिकणारे किती याचा विचार करा ना. आमच्याकडचा बीएचा पोरगा तीन वर्षांत विद्यापीठाचं तोंड बघत नाही, बघतो ते मार्कशीटवर नावात चूक झाली तेव्हा. मग अक्कलकुव्याहून आधी नंदुरबार गाठा, तिथून सुरत-भुसावळ लाइनची गाडी, दोंडाईचा अमळनेर धरणगाव करत जळगाव, तिथून परत रिक्षा, आणि तिथे कळतं की साहेब मीटिंगमधे आहेत. त्या पोराला तुमच्या सोफ्याचं काय कौतुक. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात ६९ टक्के आदिवासी आहेत, फी भरून कॉलेजला येणारी ही पहिली पिढी आहे बहुतेक घरांत. इमारतीचा पैसा आधी नंदुरबार, शहादा, तळोदा, धुळे, शिरपूर इथे एकेक चालतं काउंटर उघडायला लावा. मग बांधा काय बांधायचं ते.

बट्टीवाला
दोघंही बरोबर 😄 पण मुख्य मुद्दा कॅन्टीनचा आहे आणि त्यावर कोणी बोलणार नाही म्हणून मी बोलतो. सरकारी जागेतलं कॅन्टीन टेंडरने जातं, जो जास्त भाडं देईल त्याला. आता ज्याने जास्त भाडं कबूल केलं तो ते वसूल कुठून करणार, तुमच्या ताटातूनच ना भो. पहिल्या महिन्यात वडापाव मोठा असतो, दिवाळीपर्यंत लिंबाएवढा होतो, मग पोरं गेटबाहेरच्या टपरीवर. उलटं करा, भाडं आधीच ठरवून टाका, नाममात्र ठेवा, आणि बोली लावायची ती दरपत्रकावर. कोण किती रुपयात भाजी भाकरी देईल, वजन किती, वरण परत मागितलं तर मिळेल का. बचतगटाला द्या, आपल्या बायका शेवभाजी आणि कळण्याची भाकरी अशी करतील की प्राध्यापक पण डबा आणायचं बंद करतील. थंडीत आठवड्यातून एकदा भरीत. जळगावच्या भरीताच्या वांग्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, केळीला पण आहे, आणि कॅम्पसवर मिळतं काय तर मॅगी. अरे!

फाईलवाला
मी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात नोकरी करून रिटायर झालो, कुठल्या ते विचारू नका. एक खिडकी योजना म्हणून आमच्याकडेही झाली होती. काचेचं काउंटर, टोकन मशीन, फिरत्या खुर्च्या. पण खिडकीत बसलेल्या पोरीला अर्ज घ्यायचा आणि शिक्का मारून पोच द्यायची एवढाच अधिकार. सही मागच्या इमारतीत. रोज संध्याकाळी शिपाई गठ्ठा बांधून मागे न्यायचा, त्रुटी निघाली की गठ्ठा परत पुढे. आधी विद्यार्थी स्वतः मागच्या टेबलापर्यंत जाऊन निदान भांडू तरी शकत होता, एक खिडकी झाल्यावर ते पण गेलं, कारण मागे जायला बंदी. दोन दिवसांचं काम आठ दिवसांवर गेलं आणि फलकावर मात्र विद्यार्थी सुविधा केंद्र. तेव्हा गिरणाकाठ साहेब, नकाशा काढण्याआधी एक यादी काढा, कुठल्या कागदावर कोणाची सही लागते आणि त्यातल्या किती सह्या खिडकीवरच्या माणसाला सोपवता येतात. बोनाफाईड, दुय्यम मार्कशीट, फी परतावा, यांना वरच्या साहेबाची सही कशाला लागते मला तीस वर्षं कळलं नाही. हा अधिकार खाली दिला तर पत्र्याच्या शेडमधे पण काम होतं.

गिरणाकाठ
@फाईलवाला काका, हे पटलं. पण अधिकार खाली आणायचा असेल तर माणसं एका छताखाली आणणं हीच तर सुरुवात नाही का? आता परीक्षा एकीकडे, स्कॉलरशिप दुसरीकडे, विद्यार्थी विकास तिसरीकडे, म्हणून तर प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो.

फाईलवाला
छत एक झालं तरी टेबलं वेगळीच राहतात हो.

रावेर_एक्सप्रेस
मला एक कळत नाही आजच्या जमान्यात खिडक्या कशाला?? सगळं ऑनलाइन आहे. स्कॉलरशिपचं महाडीबीटी पोर्टल ऑनलाइन, परीक्षा फॉर्म ऑनलाइन, क्रेडिट जमा होणारा एबीसी आयडी, कागदपत्रांचं डिजिलॉकर, सगळं मोबाईलवर. इमारत म्हणजे ठेकेदाराची सोय. उद्घाटनाला कोनशिला, दुसऱ्या वर्षी स्लॅब गळतो, तिसऱ्या वर्षी लिफ्ट बंद, चौथ्या वर्षी वरच्या मजल्यावर जुने बाक आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. बघितलंय प्रत्येक गावात. वीजबिल कोण भरणार, झाडणार कोण? शेवटी पुढच्या वर्षीच्या फीच्या पावतीत विकास निधी म्हणून नवीन ओळ येते आणि भरतो केळीवाला शेतकरी, ज्याला भाव मिळाला नाही तो.

धडगावकर
@रावेर_एक्सप्रेस ऑनलाइनचं तुम्ही बोलूच नका. आमच्या पाड्यावर रेंज शोधायला टेकडीवर चढतात पोरं. आणि रेंज असली तरी ऐका काय होतं. एका पोराची स्कॉलरशिप मंजूर, पोर्टलवर पैसे जमा दाखवतंय, याच्या पासबुकात शून्य. कॉलेजचा बाबू म्हणतो आमच्याकडून गेले, बँक म्हणते आमच्याकडे आले नाहीत. शेवटी कोणी जाणत्याने बघितलं तर कळलं की डीबीटीचे, म्हणजे सरकार थेट खात्यात टाकतं ते पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातातच असं नाही, आधारला शेवटचं जे खातं जोडलं गेलं त्यात जातात. याने मधे सिमकार्ड घेताना त्याच अंगठ्यावर कुठलं तरी खातं उघडलं गेलेलं, त्याला माहीतच नाही. पैसे तिथे पडून. हे सांगायला माणूस लागतो, ॲप नाही. म्हणून मी म्हणतो माणूस द्या, आणि तो जळगावला नको, आमच्याकडे द्या.

तापीकाठची
इतका वेळ वाचत होते. सगळे भाऊच बोलताय म्हणून लिहिते.

मुलींसाठी वेगळी खोली हे वाक्य सगळ्या प्रस्तावांत असतं आणि ती खोली कायम जिन्याखाली किंवा मागच्या बाजूला असते, आत एक मोडका पलंग, आरशाला तडा, आणि किल्ली कोणाकडे तर ज्या मॅडम आज सुट्टीवर आहेत त्यांच्याकडे. माझ्या कॉलेजात पॅडचं मशीन होतं. उद्घाटनाच्या फोटोत भरलेलं आहे, नंतर कायम रिकामं. खोली जरूर द्या पण त्याच्यावर सगळं भागवू नका. आम्हाला मधल्या हॉलमधे बसायचंय. कॅन्टीनमधे मुली का बसत नाहीत माहिती आहे का, दाराजवळचं टेबल एका टोळक्याचं असतं आणि आत जायचं तर त्यांच्या मधून जावं लागतं. दारं दोन-तीन करा, काउंटर दारापासून दिसेल असं ठेवा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

आणि वेळ. चोपड्याकडे, यावलकडे जाणाऱ्या मुली संध्याकाळची एसटी बघून लेक्चर अर्धं सोडतात. एसटी लेट झाली तर थांबायचं कुठे, हायवेवर. तुमची इमारत पाचला कुलूप लावणार असेल तर ती ऑफिस झाली. रात्री नऊपर्यंत दिवे चालू, बाई सुरक्षारक्षक, आणि एसटी त्या दारात येऊन थांबली पाहिजे. डेपोला पत्र देऊन हे होऊ शकतं, विटा लागत नाहीत.

नकाशावाला धुळे
ताईंनी दारांचं लिहिलं ते लाख मोलाचं, आम्हाला हे कोणी शिकवत नाही.

मी बांधकामातला. इमारत व्हावी या मताचा आहे, धंदा म्हणून म्हणा हवं तर 😀 पण होईल कशी ते मला आत्ताच दिसतंय. पुढे अख्खं काचेचं तोंड, पश्चिमेला, कारण रस्ता तिकडे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, दुपारी तीनला त्या काचेमागे माणूस भाजून निघेल, मग एसी, मग बिल, मग एसी बंद, मग पडदे. आपल्या म्हाताऱ्यांनी धाब्याची घरं आणि खोल ओसऱ्या उगाच नाही बांधल्या. पश्चिमेला जिने, संडास, स्टोअर घाला, ऊन त्यांनी खाऊ दे. मधे चौक, चारी बाजूंनी आठ-दहा फुटांची ओसरी, त्यावर बसायला कट्टे, गच्चीवर पांढरी चिनी मोझॅक. पोरांना खरं तर खोल्या नकोच असतात, कट्टा हवा असतो, आणि सावलीतल्या कट्ट्याला प्लगपॉइंट द्या.

दुसरं, रॅम्प. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतीत दिव्यांगांना जाता-येता येणं बंधनकारक आहे म्हणून सगळे रॅम्प दाखवतात. मापाचा उतार १ ला १२. म्हणजे जोतं (जमिनीपासून फरशीची उंची) २ फूट घेतलं तर रॅम्प २४ फूट लांब, वर वळायला सपाट जागा वेगळी. नकाशात जागा उरत नाही म्हणून आठ फुटांत बसवतात, त्यावरून मोटरसायकल चढते, व्हीलचेअर नाही चढत. आणि रॅम्प नीट असला तरी संडासाला चार इंचाचा उंबरठा ठेवतातच. का ठेवतात देव जाणे. जोतंच कमी घ्या, नदीपासून लांब उंचावर जागा निवडा, रॅम्पचा विषयच लहान होतो.

रावेर_एक्सप्रेस
ओसरी छान वाटते वाचायला. पण चालवणार कोण? पक्षांच्या संघटना पहिल्या दिवशी खोल्या वाटून घेतील. ही तुझी ही माझी. भिंतीवर पोस्टर, मग हाणामारी, मग पोलीस, मग कुलूप.

गिरणाकाठ
मग काय, पोरांनी एकत्र बसूच नये? १९९४ च्या कायद्यापासून महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद झाल्या, २०१६ च्या कायद्यात परत तरतूद आली, २०१९ ला घ्यायच्या ठरल्या आणि पुढे ढकलल्या. म्हणजे या पोरांना बापाच्या वयाच्या आमदाराला मत देता येतं पण कॅन्टीनच्या कमिटीवर आपला माणूस निवडता येत नाही. खोल्या कोणाच्या नावावर करूच नका. तासावर बुकिंग, वही दारात टांगलेली, ज्याने आधी लिहिलं त्याला मिळेल, संघटना असो की भजनी मंडळ. आणि कमिटीत निम्मे विद्यार्थी, त्यात हॉस्टेलचे, मुली आणि बाहेरगावाहून येऊन-जाऊन करणारे हवेतच. किल्ली त्यांच्यातल्या एकाकडे. कमवा व शिका योजनेतली पोरं ही इमारत चालवू शकतात, ग्रंथालयात करतातच की काम.

बट्टीवाला
कमवा शिकाला तासाला काय मिळतं ते आधी बघा भो, मग किल्ली द्या.

तापीकाठची
समुपदेशकाचं राहिलं. जुलै २०२५ मधे सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, जिथे १०० किंवा जास्त विद्यार्थी आहेत त्या प्रत्येक संस्थेत निदान एक पात्र समुपदेशक नेमा. प्रत्येक संस्थेत म्हणजे धडगावच्या कॉलेजात पण. मग मध्यवर्ती इमारतीत एक बसवून तीन जिल्ह्यांचं झालं असं कोणी दाखवू नये. आणि त्याची खोली खिडक्यांच्या रांगेत नको प्लीज, दारावर पाटी आणि बाहेर बोनाफाईडवाल्यांची लाइन, कोण जाईल आत? तोपर्यंत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तरी नोटीस बोर्डावर लावा, फुकट आहे.

धडगावकर
हे बरोबर बोलल्या ताई. आता माझं शेवटचं. गिरणाकाठ भाऊ तुम्ही वाईट मनाने लिहिलेलं नाही पण मी अजून विरोधातच आहे. एक गोष्ट असेल तर विचार करीन. आमची पावरा-भिल पोरं जळगावला एमएला येतात, हॉस्टेलला राहतात, पहिले सहा महिने कोणाशी बोलत नाहीत, भाषेवरून हसतात लोक. तुमच्या त्या हॉलमधे होळीला ढोल वाजवायची परवानगी असेल का? बिरी ढोल म्हणतोय मी, स्पीकर नाही. की शिस्तीचं पत्रक काढाल?

गिरणाकाठ
ढोल चौकात. नकाशावाल्यांनी मधे चौक दिलाच आहे.

फाईलवाला
ढोलाच्या परवानगीला कोणाची सही लागेल ते पण यादीत लिहा 😂

गिरणाकाठ
लिहितो काका. विद्यापीठाच्या अधिसभेवरच्या (सिनेटवरच्या) आपल्या भागातल्या लोकांना पाठवायला एक मसुदा करतोय. क्रम असा धरलाय, आधी सह्यांचे अधिकार आणि नंदुरबार-धुळ्याची काउंटरं, मग एसटीचा थांबा आणि वेळ, इमारत त्याच्यानंतर, तीही एक मजलीच. धडगावकर, तुमच्या भागातल्या काउंटरचं तुम्हीच लिहून द्या, कुठल्या गावात हवं आणि आठवड्यातले कुठले वार, बाजाराचा दिवस धरून.

धडगावकर
बाजाराचा दिवस धरूनच. पण मसुद्यात इमारत आहे तोवर माझं नाव खाली टाकू नका, काउंटरचं पान वेगळं पाठवतो.