'पथेर पांचाली'ने नजर तयार होते, की नुसतं नाक वर जातं?

अर्धविराम (धागाकर्ता)

"चांगले जुने चित्रपट पाहा, समज वाढेल" असं सांगणारे पायलीला पन्नास मिळतात. कसली समज, आणि ती वाढते कशाने, असं विचारलं की गाडी 'कालातीत', 'मानवी मूल्यं' वगैरेवर घसरते. म्हणून इथे एकाच चित्रपटातला एकच तुकडा घेतो.

सत्यजित राय, 'पथेर पांचाली', 1955. मुकुट करायला धाकट्या अपूने बहिणीच्या, दुर्गाच्या, डब्यातला चकाकता कागद पळवलाय, त्यावरून दोघांची जुंपलीय. पळापळीत दोघं गावाबाहेर येतात. तारांचे खांब दिसतात. दुर्गा खांबाला कान लावते, मग अपू लावतो. आत घूंऽऽ असा आवाज. पुढे पांढऱ्याशुभ्र काशाचं, म्हणजे तुरेदार उंच गवताचं, रान, दुर्गा ऊस चोखतेय. लांबून धडधड ऐकू येते. दोघं धावत सुटतात, दुर्गा अडखळून पडते, अपू रुळांपर्यंत पोचतो.

आणि इथे कॅमेरा रुळांच्या पलीकडे उडी मारतो. गाडी आपल्या आणि अपूच्या मधून जाते. इतका वेळ आपण पोराबरोबर धावत होतो. ऐन क्षणी तो आपल्याला फक्त चाकांच्या फटींतून दिसतो. मग काळा धूर पांढऱ्या काशावर पसरतो. परतीच्या वाटेवर बांबूच्या बेटात नात्यातली म्हातारी इंदिर बसलेली. दुर्गा गमतीने हलवते, तर ती कलंडते, आणि तिचा लोटा घरंगळत पाण्यात जातो.

आता बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांची 1929 सालची कादंबरी उघडा. तिथे इंदिर कितीतरी आधी वारते. आणि रेल्वे पाहायला निघालेल्या या भावंडांना त्या दिवशी गाडी दिसतच नाही. दोन्ही गोष्टी रायनी हलवल्या आणि एका दिवसात शेजारी ठेवल्या. काय कशाशेजारी ठेवायचं हे दिग्दर्शक ठरवतो, हे एकदा असं उघडं दिसलं, की पुढचा कुठलाही चित्रपट पाहताना 'हे आत्ताच का?' हा प्रश्न मनात येतोच. मला म्हणायची आहे ती समज एवढीच.

करून पाहायचं असेल तर: पहिल्यांदा सलग दोन तास, मध्ये न थांबवता. दुसऱ्या वेळी फक्त हा तुकडा, आवाज बंद करून. प्रत्येक कटला (एक शॉट संपून दुसरा सुरू होतो तिथे) कागदावर एक रेघ आणि कॅमेरा कुठे उभा आहे ते दोन शब्दांत. तिसऱ्या वेळी पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐकायचं. तेव्हा लक्षात येतं की गाडी आधीच येऊन गेलीय. संध्याकाळी घरात अपू पाटीवर लिहितोय, आई दुर्गाचे केस विंचरतेय, आणि लांबून शिट्टी ऐकू येते. ती उधारी काशाच्या रानात चुकती होते.

खडूस खवय्या

याला रसास्वाद म्हणायचं की पोस्टमॉर्टेम? कागदावर रेघा मारत चित्रपट पाहणारा माणूस चित्रपट पाहत नसतो, जनगणना करत असतो.

दुसरं. ज्याने आजवर शंभर हिंदी चित्रपट मनापासून एन्जॉय केलेत, त्याला 'समज वाढेल' म्हणून दोन तासांचा कृष्णधवल बंगाली चित्रपट दाखवला की काय होतं? पहिल्या तासात धड गोष्ट पुढे सरकत नाही. मिठाईवाला येतो आणि जातो, म्हातारी रुसून जाते, परत येते. चाळिसाव्या मिनिटाला डोळा लागतो. मग तो दोनपैकी एक करतो: 'आपल्याला अक्कल नाही' म्हणून गप्प बसतो, किंवा 'काय ती फोटोग्राफी!' म्हणून खोटं बोलायला लागतो. दुसऱ्या प्रकारातले जास्त तापदायक.

सुरुवात माणसाला आवडणाऱ्या चित्रपटापासून करा. त्यातले कट मोजा हवे तर.

तिसरी रांग

खडूसपंत, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येते हे कळू लागलं म्हणून कुणाची गाण्यातली मजा गेल्याचं ऐकलं नाही. उलट समेवर नेणारी तिहाई सुरू झाली की कान टवकारतात. पोस्टमॉर्टेम म्हणालात, तर ते पुण्यात वर्षानुवर्षं चाललं. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर हाच चित्रपट दृश्य-दृश्य सुटा करून शिकवायचे.

रेंगाळण्याबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चुकीचा. तो सैलपणा रायनी कादंबरीतून जाणूनबुजून ठेवला. गरीब खेड्यातलं जगणंच रेंगाळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मिठाईवाल्याचंच घ्या. कावड घेऊन तो पुढे, मागे दुर्गा, मागे अपू, मागे कुत्रं, आणि ही सगळी वरात तळ्याच्या पाण्यात उलटी दिसते. खिशात पैसा नाही, तरी पोरं मागे चाललीत. 'हे कुटुंब गरीब आहे' असं कुणी म्हणत नाही, आणि म्हणायची गरजही उरत नाही.

रेल्वेचं दृश्य सगळेच सांगतात. मी नवख्याला दुसरं सुचवेन. पोरांचा बाप हरिहर कित्येक महिन्यांनी घरी आलाय. दुर्गा गेल्याचं त्याला ठाऊक नाही. पोरांना हाका मारत तो आणलेल्या वस्तू बायकोपुढे काढत जातो: पोळपाट-लाटणं, लक्ष्मीची तसबीर, आणि शेवटी दुर्गासाठी साडी. बायको, सर्वजया, ती साडी हातात घेते, पदर दातांत धरते आणि कोसळते. तिचं तोंड उघडलेलं दिसतं, रडणं ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई हे तंतुवाद्य, वरच्या पट्टीत, राग पटदीप. पुढे हरिहरला उमगतं तेव्हा मात्र त्याचा टाहो त्याच्याच आवाजात.

एकाच घरातली दोन रडणी आणि ध्वनीच्या दोन तऱ्हा. आईचं रडणंही तसंच ठेवलं असतं तर बापाच्या रडण्याला जागा उरली नसती. लागोपाठच्या दोन आक्रोशांत दुसरा नेहमी फिका पडतो. तेवढा मिनिटभर एकदा आवाज घालवून पाहा, मग आवाजासह. शिकवणी लागत नाही.

इंद्रायणी

माझा विरोध खवय्यांपेक्षा वेगळा. हा चित्रपट नजर तयार करतो हे खरं, पण एकाच प्रकारची. यावर पोसलेल्या प्रेक्षकाला मग कमी बोलणं, खऱ्या जागा, साधे चेहरे, नैसर्गिक उजेड एवढाच 'खरा' सिनेमा वाटतो. गाणं आलं की कपाळाला आठी, चमत्कार आला की हसू. शीर्षकातलं वर गेलेलं नाक ते हेच.

1936 चा 'संत तुकाराम' घ्या. प्रभात, दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल. 'पथेर पांचाली'पेक्षा एकोणीस वर्षांनी मोठा, आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेलेला. 'पथेर पांचाली'च्या फूटपट्टीने मोजलात तर आकाशातून येणारा गरुड म्हणजे बालिश ट्रिकसीन. पण चित्रपट सुरू होतो कसा ते बघा. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस 'पांडुरंग ध्यानी, पांडुरंग मनी' गातात: डोळे मिटलेले, अंग स्थिर, हातवारे जवळजवळ नाहीत. लगेच तुकोबांचा प्रतिस्पर्धी सालोमालो त्याच शब्दांवर आपली मालकी सांगत तेच गातो, पण नाटकी थाटात, प्रेक्षकांकडे एक डोळा ठेवून. शब्द तेच. कोण खरा आणि कोण खोटा, हे एकाही संवादाशिवाय फक्त गाण्याच्या रीतीवरून कळतं. गाणं इथे कथा थांबवत नाही, कथा तेच सांगतं.

आणि वास्तववादच हवा असेल तर गौरीने केलेली तुकोबांची बायको जिजाई बघा. आजारी पोराला ओढत, हातात वहाण घेऊन ती विठोबालाच जाब विचारायला देवळात निघते. असं भांडण घातल्यावर येणारा चमत्कार गोड गोड लागत नाही. त्याच गोष्टीत एकजण विमानात बसणारा आणि दुसरी चुलीपाशी उरणारी, आणि चित्रपट दोघांनाही खोटं पाडत नाही. 'आधी बीज एकले' शांताराम आठवल्यांचं, पण कित्येकांनी ते तुकोबांचंच धरलं. हे कसं जमलं असेल, त्याचा शोध हाही रसास्वादच की.

मराठी प्रेक्षकाने सुरुवात इथून करावी. भाषांतराच्या ओळी वाचाव्या लागत नाहीत, डोळे मोकळे राहतात.

रात्रपाळी

तुमचं भांडण चालू द्या, पण निम्मे लोक हे चित्रपट चुकीचे बघतात आणि दोष दिग्दर्शकाला देतात. चौकटीचं रुंदी-उंचीचं प्रमाण 1.37 ला 1 आहे. आजचा टीव्ही 1.78 ला 1. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले पाहिजेत. 'पडदा भरलेला' दिसत असेल तर दोन शक्यता: चित्र आडवं ताणलंय, म्हणजे माणसं सुमारे 30 टक्के रुंद झाली, किंवा वरखाली कापलंय, म्हणजे जवळपास 23 टक्के चित्र गेलं. कापलेल्या प्रतीत तळ्यातल्या प्रतिबिंबावरच घाला येतो.

मग मोशन स्मूदिंग बंद. सेकंदाला 24 चौकटींच्या मध्ये टीव्ही स्वतःच्या चौकटी घुसवतो आणि सगळं मालिकेसारखं गुळगुळीत होतं. नॉईज रिडक्शन बंद, नाहीतर काशाचे तुरे पिंजलेल्या कापसासारखे दिसतात. शार्पनेस जवळजवळ शून्य. ध्वनी मोनो आहे, त्याला सराउंडचा मुलामा नको.

मूळ निगेटिव्ह 1993 साली लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळली. इटलीतल्या बोलोन्यात जी प्रत पुन्हा उभी केली, तिच्यात 'पथेर पांचाली'चा जेमतेम 40 टक्के भाग त्या जळक्या निगेटिव्हमधून आला, बाकी दुसऱ्या प्रतींमधून. तेव्हा मध्येच चित्राचा पोत बदलला तर त्यावर 'दिग्दर्शकाची दृश्यभाषा' असा लेख लिहू नका.

आणि अर्धविराम, तुमच्या काशाच्या रानाबद्दल. पहिलं चित्रीकरण 27 ऑक्टोबर 1952 ला. पुढच्या खेपेला मंडळी गेली तर गुरांनी काश चरून टाकलेला. उरलेलं पुढच्या हंगामात.

खडूस खवय्या

म्हणजे ज्या तुकड्यावर अर्धविरामांनी एवढा इमला रचला, त्यातली पानं गाईंनी खाल्ली होती! शिवाय रविशंकरांनी संगीत एका रात्रीत, अकराएक तासांत उरकलं. छायालेखक सुब्रत मित्रांनी आधी एकही चित्रपट चित्रित केला नव्हता. यात तुम्ही शिकवता तो 'विचारपूर्वक निर्णय' कुठे आणि निभावून नेणं कुठे? ते छतावर कापड ताणून उजेड परतवायचं तंत्र तेवढं मानतो.

रात्रपाळी

ते या चित्रपटातलं नाही. तो पुढचा, 'अपराजितो', 1956. बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभं केलं होतं. वरून आभाळाचा पसरट उजेड हवा, थेट दिवे लावले की एकेका माणसाच्या चार सावल्या. म्हणून मित्रांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा उजेड त्यावरून परतवून खाली घेतला. 'पथेर पांचाली'त बाहेरची दृश्यं बहुतेक मिळेल त्या नैसर्गिक उजेडावरच भागवली आहेत.

अर्धविराम

गाईंचा मुद्दा मला अडचणीचा वाटत नाही. वर्षभराच्या अंतराने घेतलेले शॉट एका दुपारचे वाटतात, हे कशामुळे, ते शोधायला उलट जास्त मजा. धावण्याची दिशा, आवाज, तुऱ्यांची उंची, ढग. जुळलंय की नाही ते तपासा. निभावून नेण्याचंही तेच: एका रात्रीत संगीत झालं असेल, पण आईच्या रडण्याच्या जागी तारशहनाई ठेवायचं कुणीतरी ठरवलंच ना?

इंद्रायणी, तुमचं म्हणणं मात्र लागलं. 'कट मोजा' ही माझी पद्धत 'संत तुकाराम'ला लावली तर हाती फारसं काही येणार नाही. पागनीस गात असताना कॅमेरा शहाण्यासारखा गप्प बसलेला असतो. तिथे कागदावर कट लिहिण्याऐवजी गाणाऱ्याची नजर कुठे आहे ते लिहायला हवं. पण मग सुरुवात एकाच चित्रपटाने करायची ही माझी अटच ढिली होते, हेही कबूल. दोन परस्परविरोधी चित्रपट लागोपाठ, असं करू.

इंद्रायणी

लागोपाठ नको, एका आठवड्याच्या अंतराने. एकाच दिवशी पाहिलेत तर दुसरा पहिल्याच्या चष्म्यातून दिसतो. आणि आधी 'संत तुकाराम'.

तिसरी रांग

खवय्यांसाठी एक शेवटचं, यात रेघा मारायच्या नाहीत. दुर्गा गेल्यानंतरची सकाळ. अपू दात घासतो, स्वतःच केस विंचरतो, अंगावर शाल घेतो, बाटली घेऊन बाहेर पडतो. आभाळाकडे बघतो. परत आत जातो आणि छत्री घेऊन येतो. आधीची दृश्यं आठवा: त्याची तयारी करून द्यायला नेहमी आई किंवा बहीण. एक शब्द नाही, संगीतही अंगावर येत नाही. पोरगं एका रात्रीत मोठं झालंय आणि पावसाला भ्यायला शिकलंय. पावसानेच बहीण नेली ना.

खडूस खवय्या

छत्री मान्य. बिनशर्त.

पण शेवटी रिकाम्या घरात साप शिरतो, तो मान्य नाही. छत्रीवर विश्वास असलेल्या दिग्दर्शकाला साप कशाला लागतो? बैलगाडीत मागे पाहत बसलेलं ते कुटुंब पुरेसं होतं. यावर कुणीतरी वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला.