जुन्या हायब्रीडचे ब्रेक ‘विचार करून’ लागतायत, तुमचे अनुभव लिहा

मंडळी, दहा-अकरा वर्षं जुनी हायब्रीड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली) सेडान आहे, सेकंडहँड घेतलेली. ब्रेक लागतात, नाही असं नाही, पण मध्येच क्षणभर थांबतात आणि मग लागतात. वारज्याहून कोथरूडला येताना हलका पाय ठेवला की गाडी हळू होत असते आणि नेमकं चाक खड्ड्यात गेलं की पुढे सटकल्यासारखी होते, पोटात गोळाच येतो. गॅरेजवाला म्हणतो पॅड ओके आहेत, काही झालेलं नाही. ज्यांच्याकडे जुन्या हायब्रीड आहेत त्यांनी काय झालं होतं आणि कसं सापडलं ते सविस्तर लिहा. ‘कंपनीत दाखवा’ एवढंच लिहू नका, तिथेही जाऊन आलोय.

पौडफाटा:
भास नाहीये भावा. हायब्रीडमधे हलका पाय ठेवलास की डिस्क-पॅड फारसे कामाला लागतच नाहीत, मोटरच जनरेटर होऊन चाकं ओढून धरते आणि ती वीज बॅटरीत जाते. चाक खड्ड्यात उडालं किंवा घसरलं की कॉम्प्युटर मोटरची पकड सोडतो आणि काम तेलाच्या ब्रेककडे देतो, त्या देवाणघेवाणीत गाडी मोकळी सुटल्यासारखी वाटते. २०१० मधे टोयोटाने जगभरातल्या चार लाखांवर हायब्रीड, त्यात मुख्यतः प्रियस, याच तक्रारीवरून परत बोलावल्या होत्या आणि एबीएसचं (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) सॉफ्टवेअर बदलून दिलं होतं. असं झालं की पाय उचलायचा नाही, अजून दाबायचा.
पण माझ्या गाडीत हे आधी नव्हतं आणि पावसाळ्यात एकदम वाढलं म्हणून खोदत बसलो, तर निघाले टायर. नक्षी भरपूर शिल्लक होती, रबर मात्र दगड झालेलं. टायरच्या साइडला DOT असं लिहून पुढे कोड असतो त्यातले शेवटचे चार आकडे बघ, २३१७ म्हणजे २०१७ चा २३ वा आठवडा. कडक टायर ओल्या सिमेंट रोडवर जरा जरा घसरत राहतं आणि दर वेळी कॉम्प्युटर मोटर सोडत राहतो. टायर बदलल्यावर बराचसा त्रास गेला.

मुळाकाठ:
माझी केस वेगळी. गाडी सोसायटीत उघड्यावर उभी, नदी जवळ, पावसात डिस्कवर गंज धरणारच. साध्या गाडीत तो दोन-चार ब्रेकमधे पुसला जातो, हायब्रीडमधे बरंचसं काम मोटर करते त्यामुळे गंज तसाच राहतो. सकाळी सिग्नलजवळ अगदी हळू झालं की खर्रर्र आवाज आणि मग एकदम झटका, कारण शेवटच्या दहाएक किमीच्या स्पीडला मोटर सोडते आणि गंजलेली डिस्क पकडते. पॅड जाडच होते, म्हणून कोणी चाकं उघडलीच नव्हती. शेवटी एकाने कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) काढून बघितलं तर तो ज्यांच्यावर सरकतो त्या स्लाइड पिन सुकून जाम, एका चाकाचा आतला पॅड झिजलेला आणि बाहेरचा जवळपास कोरा! पिन साफ करून ग्रीस लावलं, संपला विषय, खर्चही फार नाही. आता पहाटे रस्ता रिकामा असेल तेव्हा मधूनमधून न्यूट्रलला टाकून ब्रेक मारते, न्यूट्रलमधे मोटर चार्जिंग करत नाही त्यामुळे सगळा भार डिस्कवर येतो. मागे कोणी नाही ना ते बघूनच करा.

घाटप्रेमी:
सिंहगडावरून उतरताना बॅटरी फुल झाली की मोटर ब्रेक देणं कमी करते, पेडल वेगळं लागतं आणि इंजिन केकाटायला लागतं. तो बिघाड नाही. उताराला गिअर ‘B’ (इंजिनाने ब्रेक देणारा) वर टाका. मात्र आमच्या गाडीत त्याच उतारावर पेडल स्पंजसारखं मऊ झालं होतं, ते ब्रेक ऑइल निघालं. आधीच्या मालकाने कधी बदललंच नसावं. हे तेल हवेतलं पाणी पितं, कोरं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) कमीत कमी २०५ अंशांपर्यंत उकळायला नको, पाणी मुरलं की ती हद्द १४० पर्यंत खाली येऊ शकते आणि घाटात तेवढा ताप होऊ शकतो. दोन वर्षांनी बदलायचं म्हणजे बदलायचं, किलोमीटर कितीही होवोत.

सदाशिवपेठी:
विकून टाका आणि पीएमपीच्या बसने फिरा. तिचे ब्रेक विचार करत नाहीत.

वायरमन:
मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, भोसरी साइडला. दादा, आधी फुकटची टेस्ट करा. बऱ्याच हायब्रीडमधे ड्रायव्हरचं दार उघडलं की ब्रेकचा पंप घुर्र करतो आणि गप्प होतो, तो प्रेशर भरून ठेवत असतो. गाडी चालू करून पार्कमधे ठेवा, एसी-टेप बंद, पेडलला हात-पाय लावू नका आणि ऐका. पेडल न दाबता पंप दर थोड्या वेळाने परत परत चालत असेल तर आत प्रेशर गळतंय, हे अंगावर काढू नका, लाल दिवा आणि बझर आला की पेडल दगडासारखं होतं. दुसरं, छोटी १२ व्होल्टची बॅटरी चेक करा, काही गाड्यांत ती डिकीत असते आणि मालकाला माहीतही नसते. ती मरायला टेकली की ब्रेकचे नको नको ते एरर येतात आणि लोक मोठी बॅटरी बदलायला निघतात.

पौडफाटा:
पंपाचंच निघालं तर नाना पेठेत, जुन्या पार्टच्या बाजारात, मिळेल का हो? नवीन युनिटची किंमत ऐकून डोळे फिरतात.

वायरमन:
मिळेलही, पण मी लावणार नाही. जुन्या युनिटमधला प्रेशर धरून ठेवणारा गॅस किती उरलाय ते बाहेरून दिसत नाही. आणि युनिट बदला नाहीतर नुसतं तेल बदला, अशा बऱ्याच गाड्यांत एअर काढायला स्कॅनर लावून पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात. गॅरेजला आधी फोन करून विचारा तुमच्या मॉडेलचं ब्लीडिंग (म्हणजे हेच एअर काढणं) स्कॅनरवर होतं का, ‘बघू, या तुम्ही’ म्हणाले तर जाऊ नका, ते पोराला आत बसवून पेडल मारत बसतील.